लायनीवर ये

सेलूला बाजारओळीच्या मागं चंद्रभान झाडे राहतात. त्यांच्या घरात बोलणं स्टीलच्या पेल्यावर चालतं. चमच्याचा एक ठोका म्हणजे हाव. दोन म्हणजे नाई. त्याहून लांबचं काही सांगायचं असलं तर पाटी आणि खडू. पाटीवरचं अक्षर मोठं, सरळ, मात्रा जरा जास्तच उंच.

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. त्या काळात त्यांचा आवाज तालुक्याला माहीत होता. खांबावरून ते खाली तार सोडायला सांगत तेव्हा शेतातले बैल थांबत. लोक म्हणत, चंद्रभानले फोन कायले पाहिजे, तो खांबावरून बोलला तरी वर्ध्याले ऐकू जाते. त्याच तोंडात दिवसभर खर्रा असायचा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. दोन वर्षांपूर्वी आवाज बसला, तो सर्दीचा नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी वर्षालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला विचारलं, आवाज पाहिजे की माणूस? चंद्रभान शेजारच्या खुर्चीतच बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही. वर्षालीची आई आधीच गेलेली. तिनं माणूस निवडला.

आता मानेच्या खड्ड्यात एक भोक आहे. श्वास तिथून जातो-येतो. हसले तर तिथून नुसती हवा येते, आणि रडले तरी तीच.

पण घरातली खरी बोलायची जागा पेला नव्हती, पाटीही नव्हती. आतल्या खोलीत एका लाकडी टेबलावर जुना कंप्युटर, त्याला जोडलेला राखाडी डबा, डब्याला जोडलेला रेडिओ, आणि खिडकीतून वर गेलेली केबल. छपरावर लोखंडी पाइप, पाइपावर अँटेना. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तो रेडिओ चिरकायचा, रातकिड्यासारखा, तुटक तुटक. मग शेजारपाजारचे म्हणायचे, पुंडलिकराव आले.

पुंडलिकराव आष्टीच्या पलीकडं डोंगरातल्या एका वस्तीत राहतात. तेही टेलिफोन खात्यातलेच. ज्या दोघांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरी फोन नेले, त्यांतल्या एकाच्या वस्तीत आजही मोबाइल लागत नाही. लागतो तो टेकडीवर, महादेवाच्या ओट्यापाशी, तेही वारा असला की तुटत तुटत. तरुणपणी दोघांनी नागपूरला जाऊन हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन काढलं. आधी रेडिओवर बोलायचे. मग क्षयाच्या इंजेक्शनांनी पुंडलिकरावांचे कान गेले. तेव्हा चंद्रभाननी कुठून कुठून पुस्तकं आणून ही पद्धत बसवली. वाक्य टाइप करायचं. यंत्र त्याचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून कुणाला ते लिहितं, आणि हवेत सोडतं. पलीकडच्या यंत्राला तुकडा नीट मिळाला की ते ‘पोचलं’ म्हणून कळवतं. नाही कळवलं तर हे पुन्हा पाठवतं, न कंटाळता. ह्या पद्धतीला एएक्स पंचवीस म्हणतात. जगातून ती केव्हाच मागं पडली. ह्या दोघांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

चंद्रभानचा आवाज गेला त्यानंतर पहिल्यांदा लाइन जोडली, तेव्हा पुंडलिकरावांनी लिहिलं होतं, “बरं झालं बे. आता बरोबरीत आलो. लई बोलत होता.” इंग्रजी अक्षरं, वऱ्हाडी बोली. पेल्यावरच्या ठोक्यांबद्दल कळल्यावर लिहिलं होतं, “म्हणजे तुह्या घरी आता देवळासारखं वाजते.”

शेवट मात्र ठरलेला. एकानं लिहायचं, येतो. दुसऱ्यानं लिहायचं, ये. त्याशिवाय लाइन तोडायची नाही. उंबऱ्यातून निघालेला माणूस जातो म्हणत नाही, तसंच.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी पुंडलिकराव लिहीत होते, “डॉक्टर म्हणते पोटात पाणी झालं, अन्”. तेवढ्यात चंद्रभानच्या कंप्युटरमधून जळका वास आला. पडदा काळा झाला. वर्षाली स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं बटण बंद केलं. चंद्रभान तसेच बसून राहिले, हात कीबोर्डवर. येतो लिहायचं राहिलं होतं.

दोन-तीन दिवसांनी आनंदाबाईंचा फोन आला. आनंदाबाई म्हणजे पुंडलिकरावांची बायको. टेकडी चढून आल्या होत्या, दम लागलेला ऐकू येत होता.

“वर्षाली, तुहे बाबा काऊन लायनीवर येत नाई वं?”

“मावशी, कंप्युटर जळला. काकाजी कसे हायेत?”

“नागपूरवाल्यांनी घरी पाठवलं. म्हणे आता जे आवडते ते खाऊ घाला.” वाऱ्यात मधले शब्द गेले. “...काही खात नाई. खाट त्या डब्यापाशी ओढून घेतली. तिथंच पडून राह्यते. बोलते तं एकच, चंद्या येते, चंद्या येते.”

“त्यांले सांगा ना, बाबा बरे हायेत. मशीन दुरुस्त करून राह्यलो म्हणा.”

“कोणाच्या कानात सांगू? अन् लिहून दाखवाले मले अक्षर येते का पोरी?” मग त्या म्हणाल्या, “लवकर करा वं काही. आता लई दिवसाचं काम नाई हे.”

फोन स्पीकरवर होता. चंद्रभान उठले, टोपी घातली, पायात चप्पल सरकवली. नाकातून पोटात गेलेली नळी त्यांनी कानामागं चिकटवली आणि निघाले. त्या काळात रोज सकाळी वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना शेक द्यायला न्यावं लागे, मानेवर विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन. घोटभर पाणीही नळीनंच. वर्षाली मागं धावली. बसस्टँडवर आष्टीची गाडी लागलेली होती. चंद्रभान पायरीवर चढले आणि तिथंच दांडा धरून खाली बसले. चक्कर आली होती. ड्रायव्हरनं आणि एका भाजीवाल्या बाईनं त्यांना उतरवलं. गाडी निघून गेली तरी ते तिच्या मागची धूळ बघत होते.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. आष्टीच्या कंडक्टरच्या हाती दिली. तिथून दुधाच्या गाडीनं ती वस्तीवर गेली. उत्तर त्याच कागदाच्या मागं आलं, वाकड्या अक्षरात. “कागद नको. कागद माणूस मेल्यावरबी येते. लायनीवर ये.”

चंद्रभाननी तो कागद वाचला, वर्षालीकडं दिला आणि पाटीवर फक्त एक शब्द लिहिला. मशीन.

वर्ध्याला किशोरचं कंप्युटरचं दुकान आहे. किशोर हा चंद्रभानचा दूरचा भाचा, तोंडानं फटकळ, हातानं बरा. त्यानं जळलेला कंप्युटर उघडून आत पाहिलं.

“मामाजी, हा तं पार गेला. याच्यात आता वांग्याचं रोप लावा.”

चंद्रभाननी काउंटरवर बोटाच्या दोन टिचक्या मारल्या.

“बरं बा, नका लावू,” किशोर म्हणाला. “हा दुसरा घेऊन जा. जुनाच हाय, पण तुमच्यापेक्षा जवान. लिनक्स टाकून देतो, नवीन.”

लिनक्स म्हणजे कंप्युटर चालवणारी मूळ प्रणाली, आणि ती नवीन हाच घोटाळा झाला. पुंडलिकरावांच्या डब्यात ती सगळी भाषा आतच भरलेली आहे. त्याला कंप्युटर लागत नाही, पडदा आणि कीबोर्ड पुरतो. चंद्रभानचा तसला डबा कधीच विजेनं जळला होता. त्यांच्याकडचा आताचा डबा नुसता आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करतो. तुकडे पाडणं, पत्ते घालणं, पोचलं म्हणणं हे कंप्युटरनं करायचं. जुना कंप्युटर ते करत होता. नव्याला चंद्रभाननी पाठ असलेला आदेश दिला, तर त्यानं इंग्रजीत कळवलं की पत्त्यांचं हे घराणं त्याच्या ओळखीचं नाही.

जुन्या लिनक्सची सीडी घालून पाहिली. नव्या यंत्रानं ती वाचलीच नाही.

वर्षाली तहसीलसमोरच्या ऑनलाइन केंद्रात काम करते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज. कंप्युटर म्हणजे तिला ह्या अर्जांची खिडकी. त्या दिवशी तिनं दुपारी केंद्रात बसून जगातल्या अनोळखी लोकांना आपल्या तुटक्या इंग्रजीत प्रश्न विचारला. संध्याकाळी कुणाचं तरी उत्तर आलं. तुमच्या लिनक्सच्या कर्नेलमध्ये ते बंद करून ठेवलेलं आहे. आता कुणी वापरत नाही म्हणून. हवं असेल तर कर्नेलचं मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, उतरवून घ्या, त्यात ते सुरू करा आणि पूर्ण कर्नेल पुन्हा बनवा.

“कर्नेल म्हणजे काय बाबा?”

चंद्रभाननी पाटीवर लिहिलं, सरकीतला गर.

तिनं पाटी हातात घेतली. सरकी फोडल्यावर आत जो पांढरा गर निघतो, ज्यात तेल असतं, ज्यातून झाड येतं. तो बदलायचा होता.

किशोरनं फोनवर सांगितलं, “सगळंच ठेवशील तं ते मशीन आठवडाभर दळत बसन. त्याच्यात जगातलं सगळं सामान हाय. नको ते काढून टाक. ते एकेक विचारते, तू हाव म्हण नाई तं नाई म्हण.”

“मले कसं समजन काय पाहिजे अन् काय नाई?”

“बापाले विचार ना. पेला कायले हाय?”

दुसऱ्या दिवशी शेकाहून परत आल्यावर ते दोघं बसले. चंद्रभान खाटेवर, उशीला टेकून, मांडीवर पेला. वर्षाली पडद्यासमोर. यंत्र एकेक नाव दाखवे आणि थांबे. ती वाचून दाखवे.

“खेळायच्या दांड्याचं काही हाय. पाहिजे का?” दोन ठोके.

“टीव्हीचं कार्ड. पाहिजे का?” दोन ठोके.

“हे वाचताबी येत नाई मले. इन्... फिनी... बँड. पाहिजे का?” दोन ठोके, जरा वैतागून.

असं कितीतरी चाललं. जणू घर रिकामं करताना एकेक भांडं हातात घेऊन विचारावं. मग पडद्यावर हौशी रेडिओचं नाव आलं. वर्षालीनं अर्धंच वाचलं होतं तोवर चंद्रभाननी पेल्यावर एवढ्या जोरात ठोका दिला की त्यातलं पाणी चादरीवर उडालं. ती हसली. पुढच्या ओळीवर एएक्स पंचवीस. एक ठोका. त्यांनी हात लांब करून पडद्यावरच्या त्या ओळीवर तळवा ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

मग ते मागं टेकले. शेकानं मान भाजून निघाली होती. दुपारचं ऊन पत्र्यावर होतं. डोळे मिटले, चमचा मात्र बोटांत. वर्षालीही थकली होती. तिचा प्रश्न नकळत बदलला. पाहिजे का, असं विचारायचं तिनं सोडलं. नको ना, असं विचारू लागली. एक ठोका आला की हाव, नको. ती पुसून टाकी.

त्याच ओघात एक ओळ आली. सिरियल पोर्ट, आणि त्यापुढं चार इंग्रजी अक्षरांचा एक शब्द. पुढं ड्रायव्हर.

किस ड्रायव्हर.

वर्षालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर बाप बसलेला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ह्या लोकांनी यंत्रात काय काय भरून ठेवलंय, असं तिला वाटलं. हा शब्द त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणणं तिच्यानं झालं नाही.

“हे कायतरी भलतंच हाय, बाबा,” ती घाईनं म्हणाली. “नको ना?”

चंद्रभाननी डोळे उघडले नाहीत. भलतं ते नकोच. एक ठोका.

तिनं ती ओळ पुसली.

यंत्र दळू लागलं. पडद्यावर ओळी वर सरकत राहिल्या, पंखा गिरणीच्या पट्ट्यासारखा घरघरत राहिला. एकदा लाइट गेली, परत आली. जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. चंद्रभान त्या सरकणाऱ्या ओळींसमोरून हलत नव्हते. नळीतून पेज घालतानाही त्यांची नजर तिकडंच. दवाखान्यात गेले तरी शेकाच्या टेबलावर झोपून ते बोटांनी मांडीवर काही टाइप करत होते, हे तिथल्या बाईनं वर्षालीला सांगितलं. “आजोबा पेटी वाजवते का वं?” तिनं विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दळण संपायच्या बेतात आलं तेव्हा आनंदाबाईंचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी त्या हळू बोलत होत्या.

“बोटं सुजले वं त्यांचे. काल कीबोर्डवर हात ठेवला अन् उचललाच नाई. आज तं चंद्या येते असंबी म्हटलं नाई.”

“मावशी, आजच होते. आज नक्की होते. त्यांचा डबा चालू ठेवा फक्त.”

“चालूच हाय तो. ऊन पडते, बॅटरी भरते.” मग म्हणाल्या, “मी जातो आता. त्यांच्यापाशी कोणी नाई.”

जातो म्हणाल्या. वर्षालीच्या लक्षात आलं, चंद्रभानच्याही. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

नवा कर्नेल घेऊन यंत्र उठलं. चंद्रभाननी खुर्ची जवळ ओढली आणि आदेश टाइप केला. पहिल्यांदा आलेली ती तक्रार ह्या वेळी आली नाही. पत्त्यांचं घराणं ओळखीचं झालं होतं. त्यांच्या भोकातून लांब श्वास बाहेर आला. मग डबा जोडायचा आदेश. यंत्र क्षणभर थांबलं आणि त्यानं इंग्रजीत एक प्रश्न विचारला. एमकिसचा आधार तुम्ही कर्नेलमध्ये सुरू केला आहे याची तुम्हाला खात्री आहे ना?

चंद्रभान वळले. भुवया वर. चमच्यानं पडद्यावरच्या त्या शब्दावर टक टक केलं आणि मुलीकडं पाहिलं.

वर्षालीनं वाचलं. तिनं पुसलेली ओळ हीच होती, डबा जोडणारी.

“बाबा, हे मीच काढलं. तुमाले विचारलं होतं मी. तुमी हाव म्हटलं.”

दोन ठोके.

“म्हटलं बाबा. म्हणजे मी नाव नाई वाचलं. भलतंच हाय म्हटलं फक्त.” ती जमिनीकडं बघत होती. “मले वाटलं ते... तसलं काही हाय. तुमच्यासमोर कसं वाचू मी?”

चंद्रभाननी चमचा खाली ठेवला. मग मानेच्या भोकातून हवा सुटली. एकदा, पुन्हा, पुन्हा. खांदे हलू लागले. वर्षालीनं वर पाहिलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि नंतर नंतर ते हसतायत की नाही हे त्या हवेवरून कळेना. त्यांनी पाटी ओढली.  “त्या चार अक्षरांचा अर्थ. कीप इट सिंपल, स्टुपिड. साधं ठेव, बावळटा.”

“कोणाले म्हणता?”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग स्वतःच्या छातीवर.

राहिलेला एक तुकडा बनवायला पूर्ण दळण लागत नव्हतं. चुलीवर भात होईल एवढ्यात तो झाला. पण दळणात गेलेले दिवस काही परत बनवता येत नव्हते. दवाखान्याची वेळ झाली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. चंद्रभाननी दोन ठोके दिले. वर्षाली बाहेर जाऊन त्याला नको म्हणून आली.

ह्या वेळी डबा जोडला गेला. यंत्रानं पुंडलिकरावांच्या नावानं हाक दिली. रेडिओ चिरकला. उत्तर नाही. पुन्हा चिरकला. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याचे पाय ऐकू येत होते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आणि मग पलीकडून, डोंगरातून, तसलाच एक बारीक आवाज आला. पडद्यावर एक शब्द उमटला. जोडलं.

चंद्रभाननी लिहिलं, “पुंड्या आलो बे.”

पोचलं. पण पुंडलिकरावांचं काही उमटलं नाही.

“पुंड्या.”

थोड्या वेळानं रेडिओ चिरकला आणि पडद्यावर एक ओळ आली. रिकामी. एकही अक्षर नाही.

“रिकामंच आलं बाबा. अजून काही राह्यलं का?” वर्षालीचा आवाज चढला. “आणखी काही काढलं का मी?”

चंद्रभाननी हात वर करून तिला थांबवलं. लिहिलं, “तू हायस का.”

एक रिकामी ओळ.

त्यांनी मांडीवरचा पेला उचलला, वर्षालीला दाखवला, आणि चमच्यानं एकदा वाजवला.

मग तिला कळलं. पलीकडं सुजलेली बोटं होती. त्यांना एकच कळ दाबता येत होती, ओळ संपवायची. एकदा म्हणजे हाव.

“दुखते का.” एक ओळ.

“वहिनी जवळ हाय का.” एक ओळ.

“जेवला का बे.” बराच वेळ गेला. एक. आणखी एक. नाई.

“मीबी नाई. नाकातून पाजून राह्यले मले, वासरावाणी.” ह्यावर रिकाम्या ओळी आल्या, एकीमागून एक, अडखळत, पडदा रिकामा होईपर्यंत. वर्षाली मोजायला लागली आणि मग तिनं सोडून दिलं. ते हसणं होतं.

चंद्रभाननी मुलीकडं तिरकं पाहिलं आणि लिहिलं, “पोरगी एका शब्दाले लाजली म्हणून उशीर झाला. किस म्हणाले लाजली.” पुन्हा ओळी. कमी, पण पुन्हा. वर्षालीनं ओढणीनं तोंड झाकलं.

मग चंद्रभान एकटेच लिहीत गेले. आर्वीच्या रस्त्यावर मोहोळ उठलं होतं आणि दोघं एकाच खांबावर टांगलेले राहिले होते, त्याचं. खाली उतरायला कुणी धजेना आणि पुंडलिकरावांनी वरूनच ऑफिसला फोन लावला होता की शिडी नको, धूर पाठवा. दोघांच्या लग्नाचं. सेलूच्या बाजारात आता सीताफळं येत नाहीत चांगली, त्याचं. एवढं सलग बोलताना वर्षालीनं बापाला आवाज होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर रेडिओ चिरके, पोचलं. अधूनमधून एक रिकामी ओळ. ऐकून राह्यलो.

ओळींमधलं अंतर वाढत गेलं.

“थकला का.” एक.

चंद्रभानची बोटं थांबली. मग त्यांनी तो शब्द लिहिला, जो जळलेल्या कंप्युटरमध्ये राहून गेला होता आणि ज्यासाठी हे सगळं केलं होतं. “येतो मग?”

पोचलं.

उन्हाचा कवडसा टेबलावरून खाली उतरला. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. रेडिओ चिरकला. एक ओळ. वर्षालीनं श्वास सोडला. हाव. आणि तेवढ्यात दुसरी.

नाई.

चंद्रभाननी हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले. मग लिहिलं, “बरं. नाई जात. हाय मी.”

त्यानंतर ओळ आली नाही. रेडिओ मात्र पूर्ण गप्प झाला नाही. थोड्या थोड्या वेळानं इकडचं यंत्र चिरके, तिकडचं चिरके. वर्षालीनं विचारलं, “काही म्हणून राह्यले का ते?” चंद्रभाननी पाटीवर लिहिलं, “यंत्रं विचारतात. आहेस? आहे.” कुणी बोलत नसलं तरी लाइन जिवंत आहे का, हे ती एकमेकांना विचारून घेतात. कीबोर्डपुढं माणूस नसला तरी डबा आपला सांगतो, आहे.

मग वर्षालीच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव, आनंदामावशी.

वस्तीवर रेंज नाही. ती टेकडीवर लागते. आता लाइन जोडलेली असताना, खाटेपाशी कुणी बसायची गरज असेल तोवर आनंदाबाई टेकडी चढणार नाहीत, हे वर्षालीला माहीत होतं. चंद्रभानलाही.

तिचा अंगठा हिरव्या खुणेवर गेला. चंद्रभाननी चमचा उचलला आणि पेल्यावर दोनदा वाजवला, हळू, जणू कुणी झोपलंय.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ घेतली. येतो लिहिलं नाही. लिहिलं, “हाय मी, पुंड्या. इथंच हाय.”

रेडिओ बारीक चिरकला. पोचलं.